छोट्या फायली, मोठा खोळंबा

शेकडो डिस्कवर विखुरलेली साठवण-व्यवस्था कित्येक जीबीची चित्रफीत सहज पचवते. तिच्याच पुढ्यात काही केबीच्या लाखो फायली आल्या की मात्र ती रखडते. असे लहान लहान लेखन मराठवाड्याला चांगले ओळखीचे आहे. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत मुखेड-कंधारपासून औसा-निलंग्यापर्यंतचे शेतकरी सोयाबीन-तुरीच्या शेतात उभे राहून पिकाचा फोटो आणि गटाची नोंद पाठवतात. एकेक नोंद चिमुकली, पण सगळ्या मिळून अफाट, आणि त्या येतात हंगामातल्या मोजक्या दिवसांत. अडले की ‘सर्व्हर डाऊन’ म्हणून सगळे मोकळे होतात. दोष मोबाइलच्या रेंजचा असू शकतो, ॲपचा असू शकतो किंवा साठवणीचा. इथे विचार फक्त साठवणीचा.

पहिला घोटाळा होतो तो क्षमता आणि विलंब एकच समजल्यामुळे. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, तेव्हा पहिल्या खेपेला 10 वाघिणींतून सुमारे 5 लाख लिटर पाणी पोचले. पुढे 50 वाघिणी जोडल्यावर ते 25 लाखांवर गेले. पाणी पाचपट झाले, मिरज-लातूर प्रवासाचा वेळ मात्र त्यामुळे कमी झाला नाही. साठवणीत डिस्क वाढवल्या की नेमके हेच होते. एकूण माल जास्त मावतो, पण एका लहान फाइलची ‘लिहिले’ अशी पोच यायला लागणारा वेळ तेवढाच राहतो.

हा वेळ कुठे जातो? मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेरीस 8.3 मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा सुईखाली येण्यासाठी सरासरी त्याच्या निम्मे, वर सुई सरकण्याचा वेळ वेगळा. त्यामुळे विखुरलेल्या जागी अशी डिस्क सेकंदाला जेमतेम शंभरच्या आसपास कामे करते. प्रत्येक काम 4 केबीचे असेल तर हिशेब सेकंदाला 400 केबीचा. सलग लिहायला दिले तर तीच डिस्क शंभर एमबीच्या पुढे जाते. त्यात मजकुराबरोबर नोंदवही आणि सूचीही लिहावी लागते. शिवाय तीन प्रती ठेवायच्या असतील तर ‘सेफ’सारखी प्रणाली तिन्ही प्रती पक्क्या झाल्याशिवाय पोच देत नाही, म्हणजे तिघांतली सर्वांत संथ डिस्क सगळ्यांचा वेग ठरवते.

म्हणून तपासाची सुरुवात खरेदीच्या यादीने नव्हे, मोजमापाने व्हायला हवी. ‘एफआयओ’ या साधनाने 4 केबीचे लेखन आधी एकामागून एक आणि मग एकाच वेळी अनेक असे करून पाहावे. एका लेखनाला 10 मिलिसेकंद लागत असतील, तर रांगेने लिहिणारा प्रोग्राम सेकंदाला शंभराच्या वर जाणारच नाही, मागे कितीही डिस्क असोत. समांतर लेखनात आकडा भराभर वाढला तर यंत्रणा ठीक आहे, प्रोग्राम एकेरी चालतो आहे. दोन्हीकडे रडगाणे असेल तर डिस्कनिहाय विलंब पाहावा. मरणपंथाला लागलेली एखादी डिस्क ‘बिघडली’ असे न सांगता नुसती मंद होते, आणि तीच सगळ्यांना ओढते. हे निदान फार वेळा चुकते.

पुढचा संशयित स्वस्त एसएसडी. घरगुती वापराच्या एसएसडीत वीज जाताना मजकूर वाचवणारे कपॅसिटर बहुधा नसतात. प्रत्येक लेखन पक्के करण्याचा आग्रह धरला की तिचा वेग कोसळतो, आणि जाहिरातीतला आकडा कागदावरच राहतो. तो आग्रह सोडून वेग मिळवण्याचा मोह होतो. पण लाइट कधी जाईल याचा भरवसा नसलेल्या ठिकाणी तो सौदा नोंदींच्या जिवावर उठतो.

जागेचा हिशेबही तपासावा. ‘सेफ’मध्ये फिरत्या डिस्कवर एका तुकड्यासाठी किमान 64 केबी जागा राखली जाई. 4 केबीची फाइल तीन प्रतींत 192 केबी खाई, आणि मजकुराचे चार व दुरुस्तीचे दोन तुकडे करणाऱ्या पद्धतीत 384 केबी. 2021 च्या ‘पॅसिफिक’ आवृत्तीत हा आकडा 4 केबीवर आला. मात्र तो डिस्क तयार करतानाच ठरतो, त्यामुळे आवृत्ती बदलली तरी जुन्या डिस्क पुन्हा घडवल्याशिवाय फायदा नाही. एकाच कप्प्यात लाखो वस्तू कोंबल्या असतील तर त्याची सूचीही अडते. ती अनेक भागांत वाटावी लागते.

इतके करूनही भागले नाही, तर लहान वस्तू एकत्र बांधून मोठी फाइल करणे हा मार्ग उरतो. फेसबुकने 2010 मध्ये ‘हेस्टॅक’ या साठवणीची माहिती प्रसिद्ध केली, तिचे तत्त्व हेच: असंख्य फोटो एका मोठ्या फाइलीत एकापाठोपाठ जोडायचे आणि प्रत्येकाचा ठिकाणा मेमरीत ठेवायचा. एखादा फोटो पुसला की मध्ये भोक पडते, आणि ती जागा परत मिळवण्यासाठी अधूनमधून अख्खी फाइल नव्याने लिहावी लागते. एकदा चढवल्यावर सहसा न बदलणाऱ्या पिकांच्या फोटोंना ही अडचण फारशी जाणवणार नाही. रोज दुरुस्त होणाऱ्या नोंदींसाठी मात्र डेटाबेसच बरा.