शर्यतीपूर्वीं मनाची तयारी

पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याचा स्कीइंग हा खेळ आपल्यापैकीं बहुतेकांनीं पडद्यावरच पाहिलेला असतो. गुलमर्ग, औली अशीं मोजकीं ठिकाणें सोडलीं तर आपल्या देशांत त्याला वावही नाहीं. तथापि ज्यानें उभा जन्म मुलांना परीक्षेस बसविण्यांत घालविला त्या माझ्यासारख्या शिक्षकाला त्या खेळांतील एक प्रश्न फार ओळखीचा वाटतो. सरावांत जें मूल सर्वांच्या पुढें असतें तेंच नेमक्या दिवशीं कां गडबडतें, आणि त्याच्या मनाची तयारी कोणीं व कशी करावी, हा तो प्रश्न होय.

स्लालम नांवाच्या शर्यतीचेंच उदाहरण घेऊं. उतारावर काठ्या रोवून नागमोडी वाट आंखलेली असते. तिच्यांतील प्रत्येक वळणाच्या जागेला दार म्हणतात. एक दार चुकलें कीं धांव बाद होते. अशा दोन धांवा, सुमारें एकेका मिनिटाच्या. दुसऱ्या धांवेची वाट पुन्हां नव्यानें आंखलेली. आणि निकाल सेकंदाच्या शंभराव्या हिश्शावर लागावयाचा. ह्या वाटेवर पूर्ण वेगानें आधीं सराव करण्याची मुभा कोणासही नसते. शर्यतीपूर्वीं तिच्या कडेनें सावकाश उतरत ती नजरेखालून घालावयाची, एवढेंच. म्हणजे पहिली धांव मनांतच करावी लागते. आरंभस्थानापाशीं उभे असलेले स्पर्धक डोळे मिटून हात इकडून तिकडे वळवीत असतात, तें पाहून नवख्यास हंसूं येईल. पण आपला विद्यार्थी परीक्षेच्या दालनाबाहेर कविता पुटपुटत असतो, त्यांतलाच हा प्रकार आहे.

हें मनांतलें पाठांतर मुलांना शिकवितां येतें, परंतु तें नीट शिकवावें लागतें. आपण दुरून चित्र पाहत आहों अशी नुसती कल्पना फारशी उपयोगी पडत नाहीं. पायांखालचा कठीण बर्फ, तोंडावरचा वारा, वळणाच्या वेळीं बाहेरच्या पायावर येणारा भार, हें सर्व अंगांत जाणवलें पाहिजे. मनांतल्या धांवेला खऱ्या धांवेइतकाच वेळ लागला पाहिजे. दहा सेकंदांत तळाशीं पोंचणाऱ्या मुलानें मधलीं दारें गाळलेलीं असतात. शिवाय पाठांतर केवळ निर्दोष धांवेचें नको, चूक झाल्यावर सांवरण्याचेंही हवें. २०१४ सालीं सोची येथील ऑलिंपिकांत अमेरिकेची मिकेला शिफ्रिन ही अठरा वर्षांची मुलगी दुसऱ्या धांवेंत मध्येंच तोल जाऊन जवळ जवळ पडलीच होती. तिनें क्षणांत स्वतःस सांवरलें आणि स्लालमचें सुवर्णपदक मिळविलें.

भीतीविषयीं मुलांना खरें सांगावें. छाती धडधडणें, हात गार पडणें, पोटांत कालवणें हीं शरीर कामाला सज्ज होत असल्याचीं लक्षणें आहेत. ‘घाबरूं नकोस’ असें बजावल्यानें तीं जात नाहींत. उलट आपण घाबरलों आहों अशी मुलाची खात्रीच पटते. श्वास घेण्यास जितका वेळ लागला त्याहून अधिक वेळ तो सोडण्यास घ्यावा, म्हणजे धडधड कांहींशी उतरते. मग लक्ष पुढच्या दारावर ठेवावें, अन्यत्र कोठेंही नव्हे. पदक, क्रमांक, आधीच्या स्पर्धकाची वेळ ह्यांपैकीं कांहींच त्या मिनिटांत आपल्या हातीं नसतें.

एवढें करूनही यश येईलच असें नाहीं, आणि हें जो मुलांपासून लपवितो तो त्यांना फसवितो. हीच शिफ्रिन २०२२ सालीं बीजिंगच्या ऑलिंपिकांत जायंट स्लालम व स्लालम ह्या दोन्ही शर्यतींच्या पहिल्या धांवेंत आरंभींच्या कांहीं दारांतच वाटेबाहेर गेली. त्याच ऑलिंपिकांत आपला गुलमर्गचा आरिफ खान जायंट स्लालममध्यें ४५ वा आला, आणि स्लालमची पहिली धांव त्यालाही पुरी करतां आली नाहीं. जगज्जेती असो वा तो असो, उतार दोघांशीं सारखाच वागला. शिफ्रिननें त्या हंगामाचें विश्वचषकाचें एकंदर विजेतेपद पुढच्याच महिन्यांत मिळविलें.

ह्याच्या उलट टोंकाला ट्रायथलॉन आहे. १५०० मीटर पोहणें, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धांवणें हें त्याचें ऑलिंपिकांतील अंतर, व त्याला दोन तासांच्या आसपास लागतात. येथें मन घाईनें पुढें पळतें. पोहतांनाच धांवण्याची धास्ती घेतें. म्हणून शर्यतीचे तुकडे पाडून एका वेळीं एकाच तुकड्याचा विचार करावयास शिकवावें. पाण्यांतून निघाल्यावर हेल्मेटचा पट्टा लावल्यावांचून सायकल जागेवरून हलवावयाची नाहीं असा नियम आहे. धांदलींत तो विसरूं नये म्हणून हा क्रमही मनांत घोटावा लागतो. मात्र मन कणखर करणें म्हणजे शरीराची हांक न ऐकणें नव्हे. २०१६ सालीं मेक्सिकोंतील कोझुमेल येथें जॉनी ब्राउनली शेवटच्या टप्प्यांत सर्वांच्या पुढें असतांना उन्हानें भेलकांडूं लागला. मागून आलेल्या अलिस्टर ह्या थोरल्या भावानें स्वतःची जिंकण्याची संधी सोडली, त्याला आधार देत नेलें आणि शेवटच्या रेषेपलीकडे ढकललें. लोकांनीं त्या बंधुप्रेमाला टाळ्या वाजविल्या, त्या योग्यच. पण मुलांना ही हकीकत सांगतांना, भेलकांडण्याआधीं थांबावयाचें केव्हां, हेंही सांगितलें पाहिजे.

आईबापांना असा हात शर्यतीच्या वाटेवर देतां येत नाहीं. त्यांचें काम आधीं आणि नंतर. स्कीइंग हा खर्चाचा खेळ आहे; साहित्य, प्रवास, प्रशिक्षक ह्यांचा हिशेब कोणीं न सांगतांही मुलाला ठाऊक असतो. परततांना गाडी चालविणारा बाप गप्प बसला कीं तो हिशेबच मुलाला ऐकूं येतो. शर्यत संपतांच ‘कितवा आलास?’ हा पहिला प्रश्न. निकालाच्या दिवशीं शाळेच्या फाटकापाशीं हा प्रश्न मीं शेंकडों वेळां ऐकला आहे, आणि पहिला आलेला मुलगा सुद्धां उत्तर देण्यापूर्वीं बापाच्या चेहऱ्याकडे पाहतो हेंही पाहिलें आहे.

नॉर्वेच्या क्रीडासंघटनेनें १९८७ सालीं बालक्रीडेचे नियम केले. त्या नियमांनीं पुढें असें ठरविलें कीं, मुलांचे क्रमांक अकराव्या वर्षाआधीं लावावयाचे नाहींत, आणि राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धेंत तेराव्या वर्षाआधीं त्यांना उतरवावयाचें नाहीं. २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकांत त्या चिमुकल्या देशानें १६ सुवर्णपदकांसह ३७ पदकें मिळविलीं; इतकीं दुसऱ्या कोणासही मिळालीं नाहींत. क्रमांक न लावल्यामुळेंच पदकें आलीं असें मी म्हणत नाहीं, बर्फ तेथें दारांतच पडतो. पण क्रमांक न लावल्यानें कांहीं बिघडलें नाहीं, एवढें तर दिसतें.

शर्यत बिघडलेल्या मुलाला आधीं कोरडे मोजे आणि गरम खाणें द्यावें. चुकलेल्या दाराची गोष्ट तें त्याच संध्याकाळीं किंवा दुसऱ्या दिवशीं आपण होऊन काढील. तोंवर आईबापांनीं ती काढूं नये.