कुलदीपला खेळवत का नाहीत?

भारताचा संघ इंग्लंडात आला की आम्हा लंडनच्या मंडळींच्या अंगात येतं. तिकिटांसाठी महिनोन्‌महिने आधी धावपळ, सुट्ट्यांची जुळवाजुळव, आणि सामन्याच्या आदल्या रात्री दशम्या, सुकी बटाट्याची भाजी असा साग्रसंगीत बेत. २४ जून २०२५ ला, लीड्सच्या कसोटीच्या शेवटच्या दिवशी, आम्ही दोन गाड्या करून पहाटेच एम वनला लागलो. इंग्लंडला जिंकायला ३७१ धावा हव्या होत्या आणि आदल्या दिवशी त्यांच्या २१ झाल्या होत्या. भारताकडून त्या सामन्यात तब्बल पाच शतकं झालेली, त्यातली दोन एकट्या ऋषभ पंतची. आज आपला दिवस, असं म्हणतच आम्ही जागा धरल्या.

चहापानापर्यंत आमचे चेहरे उतरले होते. बेन डकेट जडेजाला खुशाल रिव्हर्स स्वीप मारत होता. त्याने १४९ केल्या आणि इंग्लंडने पाच गडी राखून सामना खिशात घातला. आमच्यातल्या एकाची मुलगी, इथेच जन्मलेली, नुकतीच नोकरीला लागलेली, खास रजा टाकून आली होती. तिने सरळ विचारलं, "काका, कुलदीप इतका चांगला स्पिनर आहे ना? मग त्याला इथपर्यंत आणलाच कशाला?"

काकांनी दशमीचा तुकडा तोंडात टाकला. उत्तर द्यायचं टाळायला एवढा एकच उपाय हाताशी होता.

प्रश्न नवा नाहीच. २०२१ साली अश्विन इंग्लंडमधल्या चारही कसोटींत बाहेर बसला. लांबणीवर पडलेली पाचवी २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला झाली, तीतही तो नव्हता, आणि तिथे इंग्लंडने ३७८ चा पाठलाग करून दाखवला. जून २०२३ मध्ये ओव्हलवर जागतिक कसोटी अजिंक्यपदाचा अंतिम सामना झाला. त्या वेळी अश्विन कसोटी क्रमवारीत जगातला पहिल्या क्रमांकाचा गोलंदाज! ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या सात फलंदाजांत चार डावखुरे. पण सकाळी आभाळ भरून आलेलं, खेळपट्टी हिरवी, म्हणून चार वेगवान गोलंदाज घेतले आणि अश्विन बाहेर. दुपारी लख्ख ऊन पडलं. डावखुऱ्या हेडने १६३ ठोकल्या, भारत २०९ धावांनी हरला. लंडनचं आभाळ सकाळी एक सांगतं आणि दुपारी दुसरंच करतं, हे इथल्या कुठल्याही मराठी गृहिणीला विचारलं असतं तरी कळलं असतं. वाळत घातलेले कपडे आत-बाहेर करण्यात तिचा जन्म गेलेला असतो.

आता आम्ही शिव्या मात्र चुकीच्या माणसांना घालतो, हे कबूल केलं पाहिजे. निवड समिती दौऱ्यासाठी संघ निवडते. त्या सकाळी अकरा कोण खेळणार हे कर्णधार आणि प्रशिक्षक ठरवतात. म्हणजे आगरकरांच्या समितीने कुलदीपला विमानात बसवलं होतं. त्याला मैदानाबाहेर ठेवण्याचा निर्णय इथे, ड्रेसिंग रूममध्ये झाला. कसोटी कर्णधार म्हणून शुभमन गिलचा तो पहिलाच दौरा, तेव्हा प्रशिक्षक गौतम गंभीर यांचा शब्द जड असणार, हा आमचा आपला अंदाज.

प्रशिक्षकांची भीती खोटी होती असंही नाही. लीड्सला पहिल्या डावात शेवटचे सात गडी ४१ धावांत गेले, दुसऱ्यात सहा गडी ३१ धावांत. शेपूट वळवळलंच नाही. मग आठव्या क्रमांकाला बॅट धरता येणारा हवा, असं ठरलं आणि वॉशिंग्टन सुंदर आला. पण कसोटी जिंकायला वीस गडी बाद करावे लागतात. मँचेस्टरला इंग्लंडने ६६९ केल्या आणि कुलदीप तेव्हाही बाहेरच. पाचांपैकी एकाही कसोटीत तो खेळला नाही.

याच ओव्हलवर १९७१ साली काय झालं होतं ते आमच्यातले वडीलधारे अजून रंगवून सांगतात. चंद्रशेखर त्याच वर्षीच्या वेस्ट इंडीज दौऱ्यावर नव्हता. विजय मर्चंट यांच्या निवड समितीने त्याला इंग्लंडसाठी परत आणलं आणि आमच्या अजित वाडेकरांनी बेदी, वेंकट, चंद्रा असे तिघेही फिरकीवाले एकदम खेळवले. चंद्राने ३८ धावांत ६ बळी घेतले, सोलकरने ॲलन नॉटचा तो झेल घेतला, इंग्लंड १०१ मध्ये गारद. शेवटच्या दिवशी गणेश चतुर्थी होती आणि प्राणिसंग्रहालयातून आणलेली बेला नावाची हत्तीण मैदानात फिरली होती. भारताचा इंग्लंडमधला तो पहिला कसोटी विजय. आठव्या क्रमांकाला कोण खेळणार याची त्या दिवशी कुणी चिंता केली असेल असं आम्हांला तरी वाटत नाही.

हे सगळं आम्ही परतीच्या वाटेवर त्या पोरीला ऐकवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. महिनाभराने तिचाच फोन आला. मँचेस्टरला जडेजा नाबाद १०७, सुंदर नाबाद १०१, हरलेला सामना वाचला होता. "काका, कुलदीप असता तर हे झालं असतं?" पुढे ४ ऑगस्टला ओव्हलवर सिराजने पाच बळी घेतले, भारत सहा धावांनी जिंकला आणि मालिका दोन-दोन अशी बरोबरीत सुटली. आमची बोलतीच बंद.

पण सप्टेंबरात आशिया चषकात कुलदीपने सर्वाधिक, १७ बळी घेतले. ऑक्टोबरात दिल्लीच्या कसोटीत वेस्ट इंडीजचे आठ. आम्ही लगेच फोन फिरवला. ती म्हणाली, "तिथली विकेट वेगळी असते, काका." नोव्हेंबरात कोलकात्याला तर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कुलदीपसह चार फिरकी गोलंदाज खेळवले, आणि १२४ चा पाठलाग करताना आपले फलंदाज ९३ मध्ये आटोपले. त्या संध्याकाळी कुणीच कुणाला फोन केला नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला. पुढच्या वेळी भारत लीड्सला खेळेल तेव्हा तिकिटं ती काढणार आहे. दशम्या मात्र आम्हीच आणायच्या.