न उलगडणारें दुःख आणि ख्रिस्ती श्रद्धा



आजचा विषय ख्रिस्ती मंडळीपुरता वाटला, तरी प्रश्न सर्वांचाच आहे. सदाचरणी मनुष्याच्या घरीं एकामागून एक मृत्यु येतात, कारण कांहींच सांपडत नाहीं; अशा वेळीं दयाळू परमेश्वरावरील विश्वास कशाच्या आधारावर टिकावा? जो ईश्वर मानीतच नाहीं त्यालाही दुःख होतें, परंतु हें कोडें त्याला पडत नाहीं. तें पडतें श्रद्धावंताला.

पवित्र शास्त्रांतील ईयोबाचा ग्रंथ ह्याच कोड्याभोंवतीं रचलेला आहे. ऊस देशांतला हा सज्जन गृहस्थ. सात पुत्र, तीन कन्या, ७,००० मेंढरें, ३,००० उंट. तें सर्व जातें, अंगावर फोड उठतात आणि तो राखेंत बसतो. अलीफज, बिल्दद व सोफर हे तिघे मित्र समाचाराला येतात व सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुक्यानें बसून राहतात. माझ्या मतें त्यांनीं केलेलें उत्तम काम तें एवढेंच. पुढें तोंड उघडल्यावर त्यांचा सारा युक्तिवाद असा कीं, देव न्यायी आहे, तूं दुःख भोगतो आहेस, तेव्हां तूं पाप केलें असलेंच पाहिजे. शाळेंतल्या गणिताप्रमाणें हें अनुमान बिनचूक दिसतें. ईयोब मात्र तें मान्य करीत नाहीं. तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, प्रत्यक्ष देवाला वादासाठीं बोलावतो. अखेर देव वावटळींतून बोलतो, पण कारण सांगत नाहीं. सृष्टीच्या घडणीविषयीं उलट प्रश्नच विचारतो. पहिल्या दोन अध्यायांत स्वर्गांतला जो प्रसंग वाचकाला कळतो, तो ईयोबाला ४२ व्या अध्यायापर्यंतही कळत नाहीं. आणि देवाचा कोप होतो तो देवाची वकिली करणाऱ्या त्या मित्रांवर! गाऱ्हाणें करणारा योग्य बोलला, समर्थन करणारे अयोग्य बोलले, असा तो निकाल आहे. पुढें ईयोबाला दुप्पट संपत्ति व दुसरीं दहा मुलें मिळतात. ह्या शेवटानें समाधान होत नाहीं असें कोणी म्हटलें, तर मी वाद घालणार नाहीं. गेलेलीं मुलें गेलींच.

आमच्यांतही त्या तिघांचे वंशज पुष्कळ आहेत. लेंकरूं गमावलेल्या आईला कोणी पूर्वकर्म सांगतो, तर आमचे ख्रिस्ती बांधव 'परीक्षा आहे' असें सांगून मोकळे होतात. दोघांचाही हेतु चांगला असतो, परंतु त्या आईच्या दुःखावर अपराधाचें नवें ओझें मात्र चढतें. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसें मेलीं, तेव्हां तीं इतरांहून अधिक पापी नव्हतीं असें येशूनें स्पष्ट सांगितलें. जन्मांध मनुष्याविषयीं शिष्यांनीं पाप कोणाचें असें विचारलें. तेंही त्यानें मानलें नाहीं. इतकेंच नव्हे, तर वधस्तंभावर त्यानें स्वतः २२ व्या स्तोत्रांतल्या शब्दांनीं 'कां' असा प्रश्न केला. त्या घटकेला वरून उत्तर आल्याचें शुभवर्तमानांत लिहिलेलें नाहीं. ८८ वें स्तोत्र तर अंधारांतच संपतें, आणि तरी तें उपासनेच्या ग्रंथांत ठेवलेलें आहे. ह्यावरून मला असें वाटतें कीं, विलाप म्हणजे अविश्वास नव्हे. ज्याच्याशीं नातें तुटलें, त्याच्यापाशीं कोणी तक्रार करीत नाहीं.

कांहींचें नातें तुटतेंही. त्यांना दोष देण्याचा अधिकार, ज्यांच्यावर तसा प्रसंग आला नाहीं, त्यांस तरी नाहीं.

महाराष्ट्रांत ह्या विषयाचा विचार करतांना पंडिता रमाबाईंचें स्मरण होणें स्वाभाविक आहे. त्यांच्या वडिलांनीं, अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनीं, सारा जन्म तीर्थयात्रा व पुराणपठण ह्यांत घालविला. तरी १८७० च्या दशकांतील दुष्काळांत आईबाप व थोरली बहीण गेलीं. १८८० मध्यें भाऊ श्रीनिवास गेला, १८८२ मध्यें पति बिपिनबिहारी पटकीनें गेले. तान्ही मनोरमा तेवढी राहिली. १८८३ मध्यें इंग्लंडांत वाँटेज येथें दोघींचा बाप्तिस्मा झाला. एवढ्यानें रमाबाईंच्या शंका मिटल्या असें मात्र कोणी समजूं नये. ज्या मठवासी भगिनींकडे त्या राहिल्या, त्यांच्याशींच त्रैक्यासारख्या सिद्धांतांवर त्यांनीं पत्रांतून कडक वाद घातला. ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असें त्या काळाविषयीं त्यांनीं पुढें स्वतःच सांगितलें आहे. ती उणीव भरून येण्यास आणखी कित्येक वर्षें लागलीं.

१८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून त्यांनीं शेंकडों उपाशी मुली आणल्या. केडगांवचें मुक्तिसदन त्यांतूनच वाढलें. भूक म्हणजे काय तें ह्या बाईंना पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें. आपले आईबाप कां मेले ह्या प्रश्नाचें हें उत्तर झालें काय? नाहीं. धान्य हें धान्य आहे, उत्तर नव्हे. परंतु प्रश्न उराशीं असतांना हात चालूं शकतात, एवढें त्यावरून दिसतें.

उतारवयांत हिब्रू व ग्रीक ह्या मूळ भाषा अभ्यासून त्यांनीं संपूर्ण बायबल सोप्या मराठींत आणण्याचें काम हातीं घेतलें. अर्थात् ईयोबाचें गाऱ्हाणेंही त्यांना शब्दशः लिहावें लागलें. तें काम चालू असतांनाच, १९२१ मध्यें, मनोरमाही गेली. आईनें लेखणी ठेवली नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई वारल्या, तोंपर्यंत भाषांतर पुरें झालें होतें.