मोपेड का रुसते?

मोपेड म्हणजे मुळात इंजिन बसविलेली सायकल. १९७२ मध्ये अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, कायनेटिक इंजिनीअरिंगने इटलीतील पियाजिओ कंपनीच्या ‘चाओ’ या मोपेडच्या धर्तीवर लूना बाजारात आणली. १९८० मध्ये तमिळनाडूतील होसूर येथून टीव्हीएस ५० आली. आता नवी मोपेड फोर-स्ट्रोक आणि फ्युएल इंजेक्शनची असते, लूनाही २०२४ पासून विजेवर धावू लागली आहे. तरीही जुन्या टू-स्ट्रोक मोपेड शेताच्या बांधावर आणि दुधाच्या किटल्यांसह अजूनही दिसतात. ही गाडी बिघडली की बहुतेकदा थेट इंजिन खोलले जाते आणि सिलिंडर बोअर करण्याचा सल्ला मिळतो. एकदा बोअर केलेला सिलिंडर पूर्ववत होत नाही, आणि मोठ्या मापाचा पिस्टन हल्ली सहज मिळतही नाही. म्हणून पाना हाती घेण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे, हे ठरविणे आवश्यक आहे.

इंजिनला पेट्रोल व हवेचे योग्य मिश्रण, वेळेवर पडणारी ठिणगी आणि सिलिंडरमधील दाब या तीन गोष्टी लागतात. टू-स्ट्रोकमध्ये चौथीही तितकीच महत्त्वाची, ती म्हणजे जळालेला वायू बाहेर पडण्यास मोकळी वाट. यांपैकी काय कमी पडते आहे हे सांगणारा पहिला साक्षीदार म्हणजे प्लग. गाडी काही अंतर नेहमीच्या वेगाने चालवून इंजिन बंद करावे, ते थोडे निवल्यावर प्लग काढून पाहावा. टोक बदामी किंवा कॉफीच्या रंगाचे असेल, तर मिश्रण ठीक आहे. कोरडी काळी काजळी असेल, तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, म्हणजेच एअर फिल्टर चोंदलेला आहे किंवा चोक अडकलेला आहे. ओलसर, तेलकट काळेपणा असेल, तर ऑइलचे प्रमाण किंवा अशक्त ठिणगी तपासावी. टोक पांढरेफटक दिसले, तर मात्र गाडी पुढे दामटू नये. त्याचे कारण पुढे येईल.

गाडी मुळीच सुरू होत नसेल, तर बरेच पायडल मारल्यावर प्लग ओला आहे की कोरडा, एवढेच पाहावे. ओला असेल, तर पेट्रोल पोहोचते आहे आणि दोष ठिणगीत असण्याचा संभव अधिक. प्लग टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग सिलिंडरच्या पात्यांना टेकवावा आणि इंजिन फिरवावे. प्लगच्या छिद्रातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, म्हणून प्लग तेथून लांब धरावा. ठिणगी निळसर आणि चटचट आवाज करणारी हवी. ती पिवळसर, मरगळलेली असेल, तर आधी नवा प्लग लावून पाहावा. जुन्या गाड्यांत मॅग्नेटमधील पॉइंट घासतात किंवा त्यांवर तेलाचा थर बसतो. ते साफ करून फट सुमारे ०.४ मिलिमीटर ठेवली, की पुष्कळदा काम भागते.

प्लग कोरडा असेल, तर पेट्रोलची नळी कार्ब्युरेटरकडून सोडवून एका बाटलीत धरावी आणि कॉक उघडावा. धार अखंड हवी. ती आधी चांगली येऊन हळूहळू बारीक झाली, तर टाकीचे झाकण सैल करून पाहावे. धार पुन्हा मोठी झाली, तर झाकणातील हवेचे सूक्ष्म छिद्र बुजले आहे. पेट्रोल खाली उतरते, पण त्याची जागा घेण्यास हवा आत येत नाही, आणि गाडी काही किलोमीटर जाऊन निमूट थांबते. या एका बुजलेल्या छिद्रापायी किती कार्ब्युरेटर विनाकारण खोलले गेले असतील, याची गणती नाही! धार बरोबर असेल, तरच कार्ब्युरेटरकडे वळावे. जेट फुंकून साफ करावा, त्यात तार घालू नये. पितळेचे छिद्र किंचित मोठे झाले, तरी मिश्रण कायमचे बिघडते.

गरम झाल्यावर बंद पडणारी आणि निवल्यावर पुन्हा चालणारी गाडी सर्वांत जास्त फसवते, कारण मेकॅनिककडे पोहोचेपर्यंत ती ठणठणीत झालेली असते. म्हणून तपासणी रस्त्याच्या कडेलाच, बंद पडताक्षणी करावी. ठिणगी नाहीशी झाली असेल, तर कॉइल किंवा कंडेन्सर गरम होऊन दगा देत आहे. ठिणगी आहे, पण इंजिन फिरवताना नेहमीपेक्षा जड लागते, तर पिस्टन सिलिंडरला धरू लागला आहे.

येथे ऑइलचा प्रश्न येतो. या इंजिनात वंगणासाठी वेगळी सोय नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइलच पिस्टन आणि बेअरिंगपर्यंत जाते. त्यामुळे पेट्रोल कमी पडले, की वंगणही कमी पडते. प्लगचे पांढरे टोक धोक्याचे, ते यासाठी. लांब घाट उतरताना ॲक्सिलरेटर पूर्ण मिटून गाडी सोडून देणेही याच कारणाने घातक ठरते. चाक इंजिनला वेगाने फिरवत असते आणि आत ऑइल जवळजवळ जात नाही. अधूनमधून थोडी रेस द्यावी.

‘जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षितता’ हा समजही खरा नाही. जेटमधून जाणाऱ्या द्रवात ऑइलचा वाटा वाढला, की पेट्रोलचा वाटा घटतो, मिश्रण उलट पातळ होते आणि कार्बन साचतो तो वेगळाच. गाडीच्या पुस्तिकेत दोन टक्के सांगितले असेल, तर लिटरला २० मिलिलिटर आणि चार टक्के असेल, तर ४० मिलिलिटर मोजूनच घालावे. अंदाजाने ओतू नये.

यात आता इथेनॉलची भर पडली आहे. देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला मात्र सुमारे नऊ किलोच. जुना कार्ब्युरेटर हा फरक ओळखत नाही. तो पूर्वीच्याच मापाने इंधन सोडतो, म्हणून मिश्रण पातळ होते आणि इंजिन अधिक तापते. प्लग सतत पांढरा दिसत असेल, तर मुख्य जेट एका क्रमांकाने मोठा बसविण्याचा विचार करावा. पण त्याआधी कार्ब्युरेटरच्या जोडावर साबणाचे पाणी लावून पाहावे. इंजिनच्या आवाजात फरक पडला, तर तेथून हवा शिरते आहे आणि केवळ गॅस्केट बदलून भागेल. इथेनॉल पाणीही शोषते. पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभ्या गाडीत पाणी व इथेनॉलचा थर टाकीच्या तळाशी वेगळा होऊ शकतो. कॉक नेमका तोच आधी ओढतो आणि त्यात ऑइल फारसे नसते. गाडी उभी ठेवायची असेल, तर टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करावेत.

इंजिन चालते, पण गाडी ओढत नाही, अशी तक्रार असेल, तर आधी चाक हाताने फिरवून ब्रेक घासत नाही ना, ते पाहावे. इंजिनचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नसेल, तर क्लच सरकतो आहे. दोन्ही ठीक असतील, तर सायलेन्सर काढावा. बाहेर पडण्याचे छिद्र कार्बनने निम्मे बुजलेले आढळणे मुळीच दुर्मीळ नाही. पिस्टनने ते छिद्र झाकले जाईल, अशा स्थितीत इंजिन ठेवून लाकडी पट्टीने कार्बन खरवडावा, म्हणजे तो आत पडत नाही आणि धातूला ओरखडाही येत नाही. सायलेन्सर आगीत भाजण्याची रीत टाळलेली बरी. त्याचा पातळ पत्रा लवकर सडतो.

हे सारे पाहून झाल्यावरच सिलिंडरचा विचार करावा. गेज लावून दाब मोजावा. तो कमी आढळला, तर प्लगच्या छिद्रातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावा. दाब वाढला, तर रिंग किंवा सिलिंडर झिजला आहे, आणि तेव्हा बोअरची भाषा योग्य ठरते. वाढला नाही, तर हेडचे नट सैल आहेत का आणि गॅस्केटभोवती काळा, तेलकट डाग आहे का, हे पाहावे. असा डाग दिसला, तर नवे गॅस्केट घालून नट समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळावेत आणि दाब पुन्हा मोजावा.