एक्सेलची फाईल आणि आपला गट नंबर

सोलापूर जिल्ह्यांतील डाळिंबाच्या बागाइतदारास हल्लीं कागदापेक्षां फाईलच अधिक येते. २०१६ सालीं सोलापुरी डाळिंबास भौगोलिक निर्देशांक मिळाला. माल परदेशीं पाठवावयाचा तर बागेची नोंदणी व फवारणीची नोंद ठेवणें आलें. गटाच्या सभासदांची यादी, पट्टीचा हिशेब, ठिबकच्या सामानाचे दर, हें सारें मोबाईलवर एक्सेलच्या तक्त्यांत येऊन पडतें. तें उघडलें नाहीं म्हणजे संगणकाच्या दुकानांत जावें, आणि तेथें "ऑफिस टाकावें लागेल" असें उत्तर ऐकावें, हा अनुभव पुष्कळांस आहे. एक तक्ता वाचण्यासाठीं सबंध ऑफिस विकत घेणें म्हणजे घागरभर पाण्यासाठीं विहीर खणण्यासारखें आहे.

वस्तुतः २००७ पासून चालू असलेली एक्सेलची फाईल, जिच्या नांवाच्या शेवटीं 'एक्सएलएसएक्स' हीं अक्षरें असतात, ती साध्या मजकुराच्या लहान लहान फायलींचें एक गांठोडें आहे. तिची रचना जाहीर असून २००८ सालीं तीस आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जाहि मिळाला. त्यामुळें ती वाचण्याचा मक्ता कोणा एका कंपनीकडे उरलेला नाहीं.

मोबाईलवर गुगल शीट्स हें विनामूल्य साधन पुरेसें होतें. संगणकावर ब्राउझरमधून गुगल ड्राइव्हमध्यें फाईल चढवावी, म्हणजे ती तेथेंच वाचतां येते. मायक्रोसॉफ्टचें वेबवरील एक्सेलहि खातें उघडल्यास फुकट मिळतें. ज्या वस्तींवर रेंज नसते तेथें लिब्रेऑफिसची पेन ड्राइव्हवरून चालणारी आवृत्ति बरी; ती संगणकांत बसवावी लागत नाहीं. मायक्रोसॉफ्टचा केवळ वाचण्यापुरता 'एक्सेल व्ह्यूअर' २०१८ सालींच बंद झाला, सबब तो कोणत्या तरी अनोळखी ठिकाणाहून उतरवून घेण्याच्या भरीस पडूं नये. "फाईल येथें टाका, बदलून देतों" म्हणणाऱ्या अपरिचित संकेतस्थळांवर सभासदांच्या खातें क्रमांकांची यादी टाकणें तर सर्वथैव अयोग्य होय. दुकानांतील संगणकावर काम केल्यास उठतांना आपलें खातें बंद करावें व उतरविलेली फाईल पुसून टाकावी. तक्त्याच्या खालच्या कडेस दुसऱ्या पानांचीं नांवें असतात, तीं पाहावयास विसरूं नये. अर्धा हिशेब पुष्कळदां तेथेंच असतो.

येथवर काम सोपें आहे. खरी फसगत होते ती 'सीएसव्ही' या अक्षरांनीं संपणाऱ्या फाईलीची. तींत स्वल्पविरामांनीं तोडलेला नुसता मजकूर असतो. गतवर्षीं आमच्या परिचयाच्या एका शेतकरी गटाच्या चिटणिसानें अशी यादी एक्सेलमध्यें उघडली, एका सभासदाचें नांव दुरुस्त केलें, ती जतन केली आणि अर्जासोबत पुढें धाडली. कांहीं दिवसांनीं अर्ज परत आले. सातबाऱ्यावरील गट नंबर '१२/१' याचे यादींत '१२ जानेवारी' झालें होतें! पोटहिश्श्याची तिरपी रेघ पाहून एक्सेल तीस तारीख समजतें. २०२५ सालीं '१२/१' लिहिलें तर एक्सेलच्या पोटांत ४५६६९ हा आंकडा, म्हणजे १९०० सालापासूनचे दिवस, नोंदला जातो. बारा आंकडी आधार क्रमांक '२.३४५६८ई+११' असा दिसूं लागतो, व सीएसव्ही तशीच जतन केल्यास शेवटचे आंकडे कायमचे जातात. खातें क्रमांकाच्या आरंभीचीं शून्यें तर उघडतांक्षणींच गळतात. त्या चिटणिसास बोल लावण्यांत अर्थ नाहीं. मानवी जनुकांस नांवें देणाऱ्या समितीनेंहि २०२० सालीं 'मार्च १' यासारख्या जनुकांचीं नांवेंच बदललीं, कारण विद्वानांच्या तक्त्यांत त्यांच्या तारखा होऊन बसत.

म्हणून सीएसव्ही फाईल नुसती वाचावयाची असेल तर ती नोटपॅडमध्यें उघडावी. ओळी वांकड्यातिकड्या दिसतील, पण एकहि अक्षर बदलणार नाहीं. तक्ताच हवा असल्यास गुगल शीट्समध्यें आयात करतेवेळीं मजकुराचे आंकडे व तारखा करण्याच्या पर्यायावरील खूण काढून टाकावी. लिब्रेऑफिस उघडतांनाच विचारतें; तेथें गट नंबर, आधार व खातें यांच्या रकान्यांस 'मजकूर' ठरवून द्यावें. आणि मूळ फाईल निराळी ठेवून नकलेवर काम करावें.

आमच्या त्या चिटणिसाजवळ मूळ फाईल नव्हती. त्यानें प्रत्येक सभासदाच्या घरीं जाऊन सातबारा व बँकेचें पुस्तक मागून घेतलें, आणि दोन रात्रीं बसून सबंध यादी पुन्हां हातानें भरली.