वही, पखवाज आणि रोपांच्या पिशव्या

पहाटे 3.40
येडशीच्या डोंगराला लागून असलेलं गाव. या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची आहे. बोअरची मोटर चालू करायला आण्णा उठले. पाणी कांद्याला लावलं, हातपाय धुतले आणि पडवीत येऊन बसले. मांडीवर पुठ्ठा, त्यावर फुलस्केप कागद, दहा रुपयांचं बॉलपेन. "उठावंच लागतंय, मग लिहून घेतो," म्हणाले. तिसरी कादंबरी चालू आहे. आपलं नाव मात्र छापायचं नाही, हे त्यांनी मला कालच बजावलेलं.

सध्याचं प्रकरण पुराचं आहे. सप्टेंबर 2025 मध्ये परंड्याकडे सीना नदीनं गावं वेढली, माणसं हेलिकॉप्टरनं उचलावी लागली. आण्णा तिकडे पाव्हण्यांकडे जाऊन राहिले होते. खरवडून गेलेलं रान त्यांनी चालून पाहिलं. आज दीड पान झालं. त्यातलं अर्धं खोडलं. एका बाईची म्हैस दाव्यासकट वाहून गेली, तिथं ते अडलेत. दावं सोडायला ती उठली होती की नव्हती, एवढंच ठरत नाही.

सकाळी 6.45
पाणी आटोपून रोपवाटिकेत. घर यावरच चालतं, लिहिण्यावर नाही. पहिल्या कादंबरीच्या शंभर प्रती त्यांनी स्वतःच विकत घेतल्या होत्या. उरलेल्या पत्र्याच्या पेटीत, बियाण्याशेजारी आहेत.

दोन घमेली लाल माती, एक वाळू, एक चाळलेलं शेणखत. खोऱ्यानं तीनदा पालथं करायचं. मग पिशव्या. त्या किलोवर मिळतात. खाली भोकं नीट पडलेली नसली की मुळं कुजतात, म्हणून आण्णा प्रत्येक गड्डीतली एक पिशवी उजेडाकडे धरून बघतात.

9.00
दोन बायका कामाला आल्या. तीनशे रुपये हजेरी, चहा वेगळा. एकीनं सोबत डबाभर बाभळीचं बी आणलंय, शेळ्यांच्या वाड्यातून वेचलेलं. उस्मानाबादी शेळी शेंग खाते, बी रवंथात नाहीतर लेंडीत बाहेर पडतं. असं बी लवकर उगवतं. झाडावरून तोडलेलं बी कठीण असतं, त्याला गरम पाण्यात टाकावं लागतं. त्या डब्याचे आण्णांनी हजेरीशिवाय चाळीस रुपये दिले. ते बरोबरच केलं. वाड्यात वाकून बी वेचणं हे वेगळं काम आहे.

दुपारी 12.10
धाराशिव. एसटीत ज्येष्ठांचं अर्धं तिकीट. एका कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज द्यायचाय: रुंद केलेल्या रस्त्यावरची किती झाडं तोडली, बदल्यात किती लावली, त्यातली जगली किती. टायपिंगचे तीस रुपये, कोर्ट फी स्टॅम्प दहाचा. उत्तराला तीस दिवसांची मुदत. कागद मिळाले तर पानाला दोन रुपये.

टेबलावर माणूस नव्हता. आण्णा बाकावर बसून राहिले. पाऊण तासानं पोच मिळाली. शिक्का पुसट उठला होता. त्यांनी तो पुन्हा मारून घेतला, आवाज न चढवता. मागच्या अर्जाच्या उत्तरात फक्त लावलेल्या झाडांचा आकडा आला होता. जगलेल्यांचा रकाना कोरा होता. म्हणून हा दुसरा अर्ज.

1.30
स्टँडसमोर भजी आणि चहा. इथं बोलणं हटकून 2020 कडे वळतं. 10 जानेवारीला या शहरात 93 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सुरू झालं. अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो, वसईची हिरवाई वाचवायला रस्त्यावर उतरलेले. उद्घाटक ना. धों. महानोर. आण्णा मांडवात मागं उभे होते. महानोरांना ते कवी म्हणून मानतातच, पण 'गांधारी' ही कादंबरी त्यांनी दोनदा वाचलीय. 'जैत रे जैत'ची गाणी त्यांना पाठ आहेत. पळसखेड्याच्या कोरडवाहू रानात महानोरांनी पाणी अडवून जे उभं केलं, ते बघायला ते मुद्दाम जाऊन आले. "गाणं, पुस्तक आन् बांध. एकाच माणसानं केलं की," म्हणाले. महानोर 2023 मध्ये गेले, दिब्रिटो 2024 मध्ये. आण्णा थोडा वेळ चहाच्या कपाकडे बघत बसले. मग उठून पैसे दिले. मला देऊ दिले नाहीत.

3.00
पखवाज दुरुस्तीच्या दुकानात. आण्णा भजनात वाजवतात त्या पखवाजाची उजवी पुडी फाटली होती, नवी बसवलीय. चौदाशे रुपये. कारागीर पायानं खोड दाबून वादी ओढतो, गठ्ठ्यांवर हातोडी मारतो, बोटानं वाजवून ऐकतो, पुन्हा मारतो. आण्णा डोळे मिटून बसलेत. "जरा उतरव. आमच्या पेटीची पट्टी खाली आहे." खोड शिसवाचं, आण्णांच्या वडलांच्या वेळचं. असं लाकूड आता मिळतं का, विचारलं. मिळतं, पण दूरवरून येतं, कारागीर म्हणाला. आण्णांच्या रोपवाटिकेत शिसवाच्या दोन ओळी आहेत. त्यातून पखवाज व्हायला चाळीस-पन्नास वर्षं लागतील.

5.20
गावाच्या गायरानात. गेल्या पावसाळ्यात लावलेली झाडं बघायची. पलीकडे येडशी रामलिंग अभयारण्याची हद्द, सुमारे 22 चौरस किलोमीटरचं छोटं जंगल. डिसेंबर 2024 मध्ये इथं वाघ दिसला. यवतमाळच्या टिपेश्वरहून साडेचारशे किलोमीटरच्या आसपास चालत आलेला. पकडायचे प्रयत्न झाले, तो सापडला नाही. तेव्हा बायका सरपणाला एकट्या जात नव्हत्या, गुराखी चारच्या आत परतायचे. ती भीती खरी होती, आण्णा ती खोडून काढत नाहीत. पण जंगल आहे म्हणून तो आला, हेही ते पारावर बोलले. त्याबद्दल त्यांनी बोलणी खाल्लीत.

दोन मुलं पाण्याचे कॅन घेऊन आली. रोपाला दोन लिटर, बुंध्यापासून वीतभर लांब. वाळलेल्या रोपाच्या जागी आण्णा काठी रोवतात. जूनमध्ये तिथंच दुसरं लावायचं. काठ्या बऱ्याच दिसत होत्या.

रात्री 8.15
विठ्ठल मंदिर. घरून आणलेली कणीक भिजवून डाव्या पुडीला लावली. थोडी काढली, पुन्हा लावली. शेजारचं तेर संत गोरोबाकाकांचं, त्यामुळे भजनात त्यांचे अभंग ठरलेले. आण्णांची बोटं सकाळच्या मातीनं भेगाळलेली, तरी थाप स्वच्छ पडते. नवी पुडी खणखणीत बोलली, तशी टाळकऱ्यांनी वळून माना डोलावल्या. गावात पैसे घेत नाहीत. परगावी कीर्तनाला साथ केली तर पाकीट मिळतं, पाचशेचं.

10.05
कणीक खरवडून गाईला घातली. तेवढ्यात फोन. एका शाळेला जूनसाठी दोनशे कडुलिंबाची रोपं हवीत. पलीकडचा माणूस दहा रुपयांवर अडलाय. आण्णांनी पिशवी, माती, हजेरी असा हिशोब तोंडी सांगितला. पंधरावरून तेरावर आले. "पण गाडीभाडं तुमचं," म्हणाले, "आन् पोरांना सांगा, पिशवी फाडून लावा. मागल्या खेपेला पिशवीसकट पुरली होती."