कागलच्या घाटग्यांची रेल्वे

कागल गावात रेल्वे नाही. पुणे-बंगळूर महामार्गावरच्या या गावातल्या माणसाला गाडी धरायची तर कोल्हापूर गाठावे लागते. तरीही त्या स्थानकाच्या इतिहासात कागलचे नाव ठळक आहे.

कागलच्या जयसिंगराव घाटगे यांचे पुत्र यशवंतराव 1884 मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले. 1888 मध्ये कोल्हापूर-मिरज लोहमार्गाची पायाभरणी या कुमारवयीन राजाच्या हस्ते झाली. 1891 मध्ये गाडी धावू लागली. संस्थानाची बाजारपेठ मिरजमार्गे पुण्या-मुंबईशी जोडली गेली. पुढे शाहू महाराजांनी स्थानकालगत शाहूपुरी पेठ वसवली; तिथला गूळ बाजार देशभर गाजला. याच मार्गावर त्यांनी नवे गावही वसवले आणि त्याला जन्मदात्या वडिलांचे नाव दिले: जयसिंगपूर.

याच मार्गावरच्या, कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची कहाणी वेगळी. दुसऱ्या महायुद्धात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित इथल्या छावणीत राहिले. फाळणीनंतर तिथेच सिंधी कुटुंबे आली आणि गांधीनगरची कापडपेठ उभी राहिली.

1971 मध्ये कोल्हापूर-मिरज मार्गावर मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आले. आज कोल्हापूरचे स्थानक, म्हणजेच ‘श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनस’, अमृत भारत स्थानक योजनेत आहे. मात्र रूळ अजून इथेच संपतात. कोकण रेल्वेला भिडणाऱ्या वैभववाडी मार्गाची मागणी जुनी आहे. सुमारे 107 किलोमीटरचा तो मार्ग झाला, तर कोल्हापूरचा माल सह्याद्री ओलांडून थेट कोकणच्या बंदरांकडे जाईल.